दात मोजणारे सर

रविवारी सकाळी आमच्या सोसायटीच्या फाटकाशी कोळीण पाटी उतरवते, तेव्हा गर्दीत सगळ्यांत पुढे जे गृहस्थ उकिडवे बसलेले असतात ते शुद्ध शाकाहारी आहेत. अंगात पायजमा आणि बाह्यांचा बनियन. बनियनला खिसा नसल्यामुळे चिमटा कानावर अडकवलेला आणि भिंग गळ्यात, जानव्याच्या शेजारी, काळ्या दोऱ्यात. पाटीतली एक कोळंबी ते चिमट्याने अलगद उचलतात, उजेडाकडे धरतात, ओठ हलवत काहीतरी पुटपुटतात आणि होती तिथे, होती त्याच दिशेला शेपटी करून परत ठेवतात. मग दुसरी उचलतात. सुरुवातीला कोळणीला वाटलं, हा महापालिकेचा माणूस. मग वाटलं, याच्यावर कुणीतरी काहीतरी केलेलं आहे. आता ती सरळ विचारते, "ओ मास्तर, म्हावरा घेताव का दात मोजताव?"

"दात," सर प्रामाणिकपणे सांगतात.

कोळंबीच्या नाकावर दात असतात ही माहिती आमच्याकडे आता वॉचमनलाही आहे. डोक्यावरच्या कवचातून पुढे जो करवती काटा निघतो त्याला शास्त्रात रोस्ट्रम म्हणतात. सर मुलांपुढे त्याला नाक म्हणतात आणि मोठ्यांपुढेही, कारण मोठ्यांच्या समजशक्तीबद्दल त्यांचं मत फारसं वेगळं नाही. या नाकाला वरच्या धारेवर काही दात आणि खालच्या धारेवर काही. ते अपूर्णांकात लिहायचे, वरचे वर, खालचे खाली. टायगर कोळंबीचे बहुधा सात किंवा आठ वर आणि तीन खाली. एकदा 'टायगर' म्हणून आलेल्या पाटीत सरांना अपूर्णांक पटला नाही. रंगही पटला नाही. भर गिऱ्हाइकांत त्यांनी जाहीर केलं, "ही व्हॅनामेई आहे. मेक्सिकोपासून पेरूपर्यंत पॅसिफिकचा किनारा, ते हिचं माहेर. आपल्याकडे तळ्यात पाळायला २००९ साली परवानगी मिळाली." गिऱ्हाइकं उठून गेली. कोळणीने सरांना जे काही ऐकवलं त्यातले बरेचसे शब्द त्यांना नवे होते, आणि ते त्यांनी तारखेसकट वहीत उतरवून घेतले.

सर एका सरकारी संशोधन संस्थेतून निवृत्त झालेले वर्गीकरणतज्ज्ञ. आम्ही त्यांना कोळंबीसर म्हणतो, पण ही जात तशी बरीच पसरलेली आहे. कुणाचा भुंगा असतो, कुणाचं गवत, कुणाची गोगलगाय. प्राणी बदलला तरी आतला माणूस तोच. त्याला चोरीचा, खोटेपणाचा, वीज गेल्याचा तुमच्या-आमच्याइतकाच राग येतो. खरा संताप येतो तो एका वाक्याचा: "सगळ्या सारख्याच तर असतात." हे कोळंबीबद्दल म्हणा, राजकीय पक्षांबद्दल म्हणा, सासवांबद्दल म्हणा. सरांची भुवई चढते आणि ते विचारतात, "किती नमुने पाहिलेत?"

घराणं पुण्याचं, पळीपंचपात्रीतलं. प्राणिशास्त्रात एम.एस्सी. झाल्यावर त्यांना पक्षी हवे होते. मार्गदर्शकाकडे पक्षी शिल्लक नव्हते, कोळंबी होती. आईने अट घातली की कोळंबीचा हात धुतल्याशिवाय देवघराच्या उंबऱ्याला शिवायचं नाही. फॉर्मॅलिनचा वास धुऊन जात नाही, त्यामुळे सर बरीच वर्षं देवाला लांबूनच नमस्कार करत आले. पुढे लग्न झालं ते सीकेपी घरात. सरांना मुलीपेक्षा मुलीच्या घरातला सोड्यांचा डबा आधी आवडला, असं वहिनी सांगतात. चहापोहे बाजूला ठेवून नवरामुलगा सोडे हातात घेऊन विचारत होता, "सुकवताना डोकी कुणी काढली?"

तो प्रश्न त्या घरात आजही मिटलेला नाही. वहिनी कोळंबी आणतात, आणल्या आणल्या डोकी मोडतात, आणि सर आतून धावत येतात. "अहो, ओळखपत्र फाडलंत तुम्ही!"

"मला हिच्याशी ओळख वाढवायची नाहीये. भुजण्यात घालायची आहे."

शेवटी तह झाला. प्रत्येक वाट्यातली एक अखंड कोळंबी बशीत बाजूला ठेवायची. तिच्याखाली पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी: तारीख, स्थळ 'सोसायटीचं फाटक', खोली 'विक्रेतीस माहीत नाही'. पेन्सिलच का, तर शाई स्पिरिटमध्ये विरघळते. वहिनींच्या वाणसामानाच्या यादीवरही सर त्यांना पेन्सिलच वापरायला लावतात.

बशीतल्या कोळंबीचं डोकं गेलंच, तर सर पोटाकडे वळतात. पोटाला सहा खंड असतात, आणि प्रत्येक खंडाची बाजूची झापड पुढच्या-मागच्या झापडेशी कशी बसली आहे यावर कूळ ठरतं. आपण नेहमी खातो त्या पिनिइड कोळंबीत ती झापडं कौलांसारखी बसतात, पहिल्याची कड दुसऱ्यावर, दुसऱ्याची तिसऱ्यावर. दुसरं मोठं कूळ कॅरिडियन. त्यांच्यात मधलीच, दुसऱ्या खंडाची झापड रुंद होऊन पुढच्यावरही चढते आणि मागच्यावरही. "दोन्ही शेजाऱ्यांची हद्द खाल्ली की कॅरिडियन," असं सर म्हणतात, आणि म्हणताना तळमजल्यावर गॅलरी वाढवलेल्या बिऱ्हाडाकडे बघतात. कॅरिडियन माद्या अंडी पोटाखालच्या पायांना चिकटवून वागवतात. पिनिइड अंडी पाण्यात सोडून मोकळ्या होतात. कुठली आई बरी, यावर सर मत देत नाहीत; तो त्यांच्या मते स्वभावाचा प्रश्न नसून झापडेचा आहे.

बाजारातल्या या कोळंब्या म्हणजे सरांच्या लेखी शेजारपाजार. खरी कोळंबी अडीचशे-तीनशे मीटर खोलीवर सुरू होते. १९८४ साली डेन्मार्कमध्ये बांधून आलेल्या 'सागर संपदा' या संशोधन जहाजावरून ते तरुणपणी केरळच्या बाजूला गेले होते. कोल्लमच्या समोर समुद्रात क्विलॉन बँक नावाचा पट्टा आहे, तिथे रात्री जाळं वर आलं. ही हकिगत सोसायटीत सगळ्यांना पाठ आहे, तरी सर ती सांगायला लागले की कुणी उठत नाही, कारण ती सांगताना ते दुसरेच कुणीतरी होतात. जाळं डेकवर उलटलं आणि दिव्याखाली सगळा ढीग लालभडक. जहाजावरचा आचारी म्हणाला, "ही तर उकडूनच आलीय!"

आपली किनाऱ्याजवळची कोळंबी कच्ची असताना करडी-हिरवी दिसते. तिच्यात लाल द्रव्य असतंच, पण ते एका प्रथिनाने बांधून ठेवलेलं असतं. पातेल्यात प्रथिन मोडतं आणि लाल मोकळं होतं. खोल पाण्यातल्या कित्येक कोळंब्या जन्मभर उघड उघड लाल. हा भपका नाही, उलट लपण्याची रीत आहे. सूर्यप्रकाशातला तांबडा भाग पाणी वरच्या थरातच शोषून घेतं. खाली तांबडा उजेड पोचतच नाही, त्यामुळे तांबडी वस्तू तिथे काळी. तेव्हापासून सर लग्नकार्यात लाल पैठणी दिसली की अदबीने सांगतात, "तीनशे मीटरवर तुम्ही कुणाला दिसणार नाही." बायकांना हे कौतुक आहे की टोमणा, ते अजून ठरलेलं नाही.

त्या ढिगात त्यांना जी भेटली तिचं नाव हेटरोकार्पस वूडमेसनी. कवच जाड, त्यावर पुढून मागे जाणारे लांब कंगोरे, नाक लांब आणि वर वळलेलं, आणि पोटाच्या तिसऱ्या खंडावर पाठीच्या मध्यावर एक उभा, टोकदार काटा. सर या काट्याविषयी बोलतात तेव्हा त्यांचा उजवा अंगठा आपोआप उभा राहतो. रिक्षावाले थांबतात.

या नावामागच्या माणसांना सर नातेवाइकांत धरतात. जेम्स वूड-मेसन हे कलकत्त्याच्या इंडियन म्युझियमचे अधीक्षक. १८९३ साली विलायतेला परतताना वाटेत जहाजावरच वारले. त्यांच्या मागून आलेले आल्फ्रेड अल्कॉक. हे मूळ डॉक्टर. 'इन्व्हेस्टिगेटर' नावाच्या सर्वेक्षण जहाजावर खलाशांची नाडी बघायची आणि उरलेल्या वेळात समुद्राच्या तळातून आलेलं काय काय बाटल्यांत भरायचं, अशी नोकरी. ते जहाज म्हणजे मुंबईच्या गोदीत १८८१ साली बांधलेली, बाजूला चाकं असलेली लाकडी आगबोट. पाहुण्यांना घेऊन सर गेटवेला गेले की ताजमहाल हॉटेलकडे पाठ करून उभे राहतात आणि गोदीच्या दिशेने बोट दाखवतात. अंदमानच्या समुद्रातून आलेल्या कोळंबीला अल्कॉकने १९०१ साली वूड-मेसनचं नाव दिलं. पुढे १९३३-३४मध्ये 'मबाहिस' नावाचं इजिप्तचं जहाज अरबी समुद्रात फिरलं. त्यातल्या कोळंब्यांचं काम रमदान या शास्त्रज्ञाने केलं आणि १९३८ साली एका तांबड्या कोळंबीला अल्कॉकचं नाव दिलं: अरिस्टियस अल्कॉकी. कोल्लमच्या शक्तिकुलंगरा आणि नीण्डकरा बंदरांत १९९९च्या सुमारास खोल समुद्रातल्या कोळंबीचा धंदा जोरात सुरू झाला, तेव्हा हीच अल्कॉकी 'रेड रिंग' या नावाने चढ्या भावात विकली जाऊ लागली. कलकत्त्याच्या अधीक्षकाला डॉक्टरने नाव दिलं, डॉक्टरला इजिप्तच्या माणसाने, आणि व्यापाऱ्याने दोघांनाही पुसून टाकलं. सर हे सांगताना व्यापाऱ्यावर चिडत नाहीत. "रेड रिंगमध्ये दात कुठे आले?" एवढंच म्हणतात.

दातांवरून आठवलं. सरांचा सगळ्यांत आवडता पूर्वज म्हणजे चार्ल्स स्पेन्स बेट. 'चॅलेंजर' जहाज १८७२ ते १८७६ जगभरचे समुद्र खरवडून आलं, त्यातल्या कोळंब्या आणि शेवंडी ज्याच्याकडे सोपवल्या तो हा माणूस. १८८८ साली त्याने त्यांच्यावर एवढा मोठा ग्रंथ काढला की सरांकडची त्याची छायाप्रत पेटाऱ्यात ठेवावी लागली आहे. वूडमेसनीची थोरली बहीण म्हणावी अशी हेटरोकार्पस गिबोसस त्याच ग्रंथातली. आणि हा बेट पोटापाण्यासाठी काय करत होता? प्लिमथ गावी दातांचा डॉक्टर होता. सरांना स्वतःची दाढ काढायची वेळ आली तेव्हा त्यांनी ही गोष्ट दवाखान्याच्या खुर्चीत, तोंडात नळी असताना, डॉक्टरला सांगितली. डॉक्टरांना काय समजलं कोण जाणे. त्यांनी शेजारची चांगली दाढ तपासायला घेतली.

एकदा मी त्यांना विचारलं की ही वूडमेसनी आढळते कुठे. साधा प्रश्न होता. सरांनी नकाशा आणला, जेवणाच्या टेबलावर पसरला आणि तासभर गप्प बसले. मग अंदमान, कोल्लम, पुढे इंडोनेशिया असे पेन्सिलीचे ठिपके दाखवले आणि म्हणाले, "इथे ती आढळते असं पुस्तकात लिहितात. खरं म्हणजे इथे जाळं आढळतं." त्यांचं म्हणणं असं: ठिपका पडतो तो जहाज थांबलं, जाळं तेवढ्या खोल सोडलं, आलेला ढीग कुणीतरी निवडला आणि निवडणाऱ्याला ओळखता आलं, तिथे. मधल्या कोऱ्या समुद्रात कोळंबी नाही, की जहाजाचा कोळसा संपला होता, हे नकाशा सांगत नाही. मला हा विचार फार पटला. तेव्हापासून वर्तमानपत्रातला कुठलाही नकाशा दिसला की मी जाळं शोधतो.

सोसायटीतल्या पोरांचा मात्र सरांवर फार जीव. कोळंबीचं काळीज डोक्याच्या कवचात असतं, मज्जारज्जू आपल्या उलट पोटाच्या बाजूला असतो, आई सुरीने काढते तो पाठीतला काळा दोरा म्हणजे आतडं, आणि शू करायची जागा मिशीच्या बुडाशी, म्हणजे जवळजवळ कपाळाला. या शेवटच्या माहितीने गणेशोत्सवातल्या प्रश्नमंजूषेचं वाटोळं झालं; कुठल्याही प्रश्नाला मुलं तेच उत्तर देत होती.

क्राइडलची गोष्टही त्यांचीच आवडती. कोळंबीच्या धाकट्या मिशीच्या मुळाशी एक खळगा असतो, त्यात वाळूचे कण. कण ज्या बाजूला टेकतात ती खालची बाजू, हे तिला त्यावरून कळतं. कात टाकली की खळग्याचं अस्तर आणि कणही जातात, मग नवे कण घ्यावे लागतात. व्हिएन्नाच्या आलोइस क्राइडलने १८९३ साली कात टाकलेल्या कोळंब्यांना वाळूच ठेवली नाही. लोखंडाचा कीस ठेवला. त्यांनी बिचाऱ्यांनी तो भरून घेतला. मग त्याने वर लोहचुंबक धरला, आणि कोळंब्या कलंडल्या. दुसऱ्या मजल्यावरच्या मुलाने हा प्रयोग धाकट्या भावाच्या कानावर करून पाहिला. सभेत सरांना समज देण्यात आली. त्यांनी ती नम्रपणे घेतली आणि विचारलं, "मग कलंडला का?"

लग्नसमारंभात सरांना ध्वनिवर्धक देऊ नये, हा नियमही अनुभवातून आलेला. यजमानांनी आग्रहाने आशीर्वादपर दोन शब्द बोलायला लावलं. सरांनी उत्तर अटलांटिकच्या थंड पाण्यातली पँडालस बोरिआलिस घेतली. ही आपल्या वूडमेसनीच्याच कुळातली. प्रत्येक जण आधी नर म्हणून वाढतो, काही वर्षं तसा संसार करतो आणि मग मादी होऊन उरलेलं आयुष्य काढतो. "त्यामुळे दोन्ही बाजू समजतात," असा सर समारोप करत होते, पण तोवर वरपक्षाने बँडवाल्यांना खूण केली होती.

माणसं ओळखण्याच्या बाबतीत सर कच्चे, असा सार्वत्रिक समज आहे. तो अर्धाच खरा. मी मिशा काढल्या त्या दिवशी लिफ्टमध्ये त्यांनी मला "कोणाकडे आलात?" विचारलं. मिशी हे त्यांच्या वहीतलं माझं प्रमुख लक्षण असणार. उलट 'बी' विंगमधली जुळी पोरं, जिथे खुद्द आजी थोरल्याला दोनदा जेवू घालते आणि धाकट्याला उपाशी ठेवते, तिथे सर पन्नास पावलांवरून अचूक हाक मारतात. एकाच्या कानाची पाळी गालाला चिकटलेली आहे, दुसऱ्याची सुटी. आईला हे त्यांनीच दाखवलं. ती बाई त्या दिवसापासून सरांना वर्षाचा गूळ गावाहून आणून देते.

जवळ्यावरून त्यांचं आणि माझं एकदा वाजलं. मी सहज म्हणालो, जवळा म्हणजे कोळंबीची पिल्लं. सरांनी चष्मा काढला. जवळा म्हणजे असेटीस, त्यातला आपला इंडिकस १८३० सालीच मिल्न-एडवर्ड्सने नाव देऊन ठेवलेला. तो पूर्ण वाढलेला, पोरंबाळं असलेला, स्वतंत्र प्राणी. डोलीच्या जाळ्यात टनांनी येतो म्हणून त्याला पिल्लू म्हणायचं? पुढचं त्यांनी आवाज उतरवून सांगितलं. हा मोडतो दशपादांत, दहा पायांच्या गणात. पण चालायच्या पायांच्या शेवटच्या दोन जोड्या याला नाहीतच. राहिले सहा. आणि याचे भाऊबंद, सर्जेस्टिड कुळातले, खोल महासागरात राहतात. त्यांतले काही अंगात दिवे बाळगून असतात. कोकणात चटणी होते ती या घराण्यातल्या गरीब शाखेची. तेव्हापासून जवळ्याची चटणी समोर आली की मी मनातल्या मनात उठून उभा राहतो आणि मग खातो.

दिव्यांचं निघालंच आहे, तर अल्कॉकची बादली सांगायला हवी. हेटरोकार्पसमधलीच अल्फोन्सी नावाची एक कोळंबी. जाळ्यातून जिवंत आलेली जोडी त्याने समुद्राच्या पाण्याच्या बादलीत टाकली, आणि त्यांनी तोंडाच्या बाजूने निळसर उजेडाचे ढग सोडले. बादलीतलं सगळं लख्ख दिसलं. अंधारात अंगावर आलेल्याच्या तोंडावर उजेड फेकायचा आणि आपण सटकायचं, अशी ही तऱ्हा. सोसायटीच्या हिशोबाच्या बैठकीत खजिनदारांनी पडद्यावर तक्ते दाखवायला सुरुवात केली तेव्हा सर माझ्या कानाशी लागून म्हणाले, "अल्फोन्सी."

त्यांचा मोठा काळ बाटल्यांतल्या चिठ्ठ्या बदलण्यात गेला. पिनियस ही एक मोठी प्रजाती होती. १९९७ साली पेरेझ फारफांते आणि केन्सली या दोघांनी तिची वाटणी केली. व्हॅनामेई एका घरात गेली, आपली पांढरी कोळंबी दुसऱ्या, टायगर मूळच्याच. सरांनी सगळ्या बाटल्यांच्या चिठ्ठ्या नव्याने लिहिल्या. २०११ साली जनुकांचा अभ्यास करणाऱ्यांनी दाखवलं की ही वाटणी टिकत नाही, सगळ्यांना परत एकत्र करा. सरांनी चिठ्ठ्या पुन्हा लिहिल्या. वहिनी म्हणाल्या, आमच्या माहेरच्या वाड्याचंही असंच झालं होतं, फक्त तिथे वकील जेवून गेले. जुन्या चिठ्ठ्या सर फेकत नाहीत. प्रत्येक बाटलीत तिन्ही आहेत, एकीमागे एक, कारण कोण केव्हा चुकलं हेही पुढच्याला कळायला हवं.

त्यांची शेवटची विद्यार्थिनी आता कोचीला असते. ती पायाचा एक तुकडा यंत्रात घालते आणि यंत्र नाव सांगतं. २००३पासून ही बारकोडची विद्या जगभर पसरली आहे. सर तिला विरोध करत नाहीत, फक्त फोनवर विचारतात, "यंत्राला नाव कोणी सांगितलं?" ती म्हणते, "सर, आधीच्या नोंदींनी." "आणि त्या नोंदीतल्या कोळंबीचे दात कोणी मोजले?" पलीकडे जरा शांतता होते. मग ती मुलगी म्हणते, "तुम्ही, सर. बऱ्याचशा तुम्हीच." यावर सर फोन वहिनींकडे देतात आणि चष्मा पुसतात.

गेल्या वर्षी या मुलीने त्यांना एक हस्तलिखित पाठवलं. कोल्लमच्या बोटीवरून आलेल्या जुन्या नमुन्यांत तिला एक वेगळीच हेटरोकार्पस सापडली होती. नाक आखूड, दात कमी, ओळखीच्या कुठल्याच जातीच्या अपूर्णांकात न बसणारे. नमुना एकच, आणि तोही मुळात फॉर्मॅलिनमध्ये ठेवलेला. फॉर्मॅलिनने जनुकांचा चुरा होतो, त्यामुळे यंत्राने हात वर केले होते. नवी जात म्हणून तिने नाव ठरवलं होतं: सरांच्या आडनावाला शेवटी एक 'आय' लावून. स्वतःचं नाव स्वतः द्यायचं नाही असा या मंडळींत संकेत आहे. दुसऱ्याने द्यावं लागतं. वूड-मेसनला अल्कॉकने दिलं, अल्कॉकला रमदानने. आता सरांना या मुलीने.

वहिनींनी त्याच संध्याकाळी माहेरी फोन केले. श्रीखंड झालं. आम्हालाही वाटी आली. सेक्रेटरींनी फलकावर 'अभिनंदन' लिहिलं आणि खाली 'मत्स्यतज्ज्ञ' असं घातलं. सरांनी खडू घेऊन 'मत्स्य' खोडलं, कारण कोळंबी मासा नाही. एवढं सोडलं तर ते दोन दिवस खुशीत होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी कोचीला कळवलं, "नमुना बघायला मिळेल का?"

दिवाळीच्या सुट्टीत मुलगी बाटली घेऊन स्वतः आली. जेवणाच्या टेबलावर सूक्ष्मदर्शक मांडला गेला आणि फराळ ओट्यावर गेला. सर रात्ररात्र बसत. मधूनच उठून स्पेन्स बेटचा पेटारा उघडत, मधूनच अल्कॉक. लायडनच्या होल्थुइसने १९८०मध्ये जगभरच्या खाण्याजोग्या कोळंब्यांची जी यादी केली तिची पानं टेबलभर झाली. एका पहाटे त्यांच्या घरातून हसण्याचा आवाज आला. मी दार वाजवलं तर सर बनियनवरच उभे, कानावर चिमटा, आणि मुलगी खुर्चीत डोक्याला हात लावून.

"बघा, बघा," त्यांनी मला भिंगाशी ढकललं. मला एक तांबूस काटा दिसला. त्यांना दिसलं ते असं: वरच्या धारेवरच्या एका दाताच्या पुढे कड जराशी चेपलेली आहे. तिथून पुढच्या दातांचा कल बदलतो, अंतरं विस्कळीत होतात. लहानपणी कधीतरी हिचं नाक तुटलं होतं. पुढच्या काही कातींमध्ये ते परत वाढलं, पण जसं जमलं तसं वाढलं. आणि पोटाच्या तिसऱ्या खंडावर, पाठीच्या मध्यावर, तो उभा काटा जागच्या जागी होता. सरांचा अंगठा वर झाला. "वूडमेसनी! नखशिखान्त वूडमेसनी!"

मुलीच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ती हसतही होती. लेख छापून आल्यावर दुसऱ्या कुणी हे दाखवलं असतं तर किती वाईट झालं असतं, हे तिला कळत होतं. सरांनी तिच्या हस्तलिखितावरचं स्वतःचं नाव पेन्सिलीने एका सरळ रेघेत खोडलं आणि समासात तारीख घातली. मग तिला म्हणाले की मोडलेल्या नाकावर एक चांगलं टिपण होईल, ते लिही, फार उपयोगी पडेल.

वहिनी चहा घेऊन आल्या. त्यांना सगळं सांगण्यात आलं.

"अहो, पण मी दादाला सांगून बसलेय. त्याने पेढे वाटले ठाण्याला. आता त्याला काय सांगू?"

"सांगा, तिचं नाक मोडलेलं होतं."

वहिनींनी तिथल्या तिथे फोन लावला आणि दादांना जसंच्या तसं सांगितलं, नाक, दात, काटा, सगळं. दादांनी शांतपणे ऐकून घेतलं. ते जुन्या वळणाचे सीकेपी आहेत. नवी जात नव्हती याचं त्यांना वाईट वाटलेलं दिसलं नाही. त्यांनी एवढंच विचारलं की मग एवढी मोठी कोळंबी इतकी वर्षं बाटलीत कशाला ठेवली, आणि आता ती खाण्याजोगी राहिली आहे का.